शेवटच्या वर्षाचं कौतुक

बाबा, परवा माझ्या डोक्याचा फोटो काढला. वय वाढलेल्या बीपीवाल्यांच्या मेंदूचा अभ्यास दवाखान्यात चाललाय, त्यात मी नाव दिलं होतं. यंत्राच्या नळकांड्यात निपचित पडून ठकठक ऐकायची. मोटर रिवाइंडिंगवाल्याला त्याचं काय नवल, चुंबकाचाच खेळ. नंतर डॉक्टरीणबाईंनी, पोरगीच ती, पडद्यावर काळे ठिपके दाखवले, मोहरीएवढे. वयानं बारीक नळ्या झिरपतात, रक्तातलं लोह मागे राहतं आणि या नव्या तऱ्हेच्या फोटोत ते काळं उमटतं. साध्या फोटोत दिसत नाही. तुमचा साधाच काढला होता. तेव्हा राज्य नवं झालं होतं, आपल्या पंडरी बाजारात जिकडे तिकडे नव्या राजधानीचे बोर्ड चढत होते आणि तुमच्या आजाराला नाव मिळालं, "उमर का असर".

"अंकल, पिताजी का स्वभाव आख़िर में बदला था क्या?" अभ्यासासाठी घरच्यांची माहिती भरताना ती पेन धरून विचारते. "पक्का नहीं कह सकते, पर ऐसे धब्बों से कभी-कभी स्वभाव बदल जाता है."

दहावीनंतर जळके पंखे उकलून मी हे काम एकट्यानं शिकलो. नागपूरच्या पाहुण्यांना तुम्ही माझी ओळख काय करून दिली? "हा? हा पंखेवाला." घरचा पंप बांधून दिला, तर आईसमोर म्हणालात, "अबे, तार गुंडाळायले अक्कल लागते काय?" आयुष्यभर हेच. आणि मग ते शेवटचं वर्ष. मी स्वयंपाकघरात मिक्सरची मोटर उघडून बसलोय. तुम्ही आपल्या ताटातला तांदळाच्या पिठाचा गरम चीला माझ्यापुढे सरकवता, माझ्या हातांकडे बघत राहता. "तुह्या बोटाले डोळे हायेत रे, पोट्ट्या."

त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, बाबा. आता कळतं की कदाचित ते तुम्ही बोललाच नव्हतात, एक झिरपलेली नळी बोलली. म्हणजे माझा खरा बाप तो, पंखेवाला म्हणणारा.

घरी बायकोला ठिपके सांगितले. ती म्हणाली, "वाढू द्या जरासे. गोड बोलान तरी." हसलो मी. मग हा कागद घेऊन बसलो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तारेचा एक वेढा कमी पडला तरी मी अख्खी मोटर उकलतो, हे पंडरीत कोणालाही विचारा. पण त्या पोरीला मी म्हणालो, "नहीं बेटा, वो शुरू से ऐसे ही थे. बहुत मीठे." तिनं तसंच लिहून घेतलं. तुमची लाज राखली असं समजू नका. तुमचं ते बोटांवरचं वाक्य मला खरं हवं होतं.