टाकीचं टोपण मीच लावलं

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. शाळा मी चौथीतच सोडली, अक्षर वाईट आहे. पण तुला तर तेही वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहायची भीड वाटत नाही.

तेव्हा आपल्या घरावर पत्रे होते. पाऊस धरला की तू पन्हळीखाली घागर ठेवायचीस, पण लगेच नाही. एकदा तू गोठ्यात असताना मी पहिल्या धारेलाच घागर लावली. तू आलीस आणि पायानं ती आडवी केलीस. "हावऱ्या, पत्र्याला आधी तोंड तर धुऊ दे!" मी रडतोय, "अन् पाऊस थांबला तर?" तू म्हणालीस, "थांबला तर थांबला. चिमण्यांची घाण पिऊन जगणार हाईस का?" खरंच थांबला तो. पाव घागर भरली, आणि तू विहिरीच्या वाटेला लागलीस. मला त्या दिवसापासून पाऊस थांबण्याचीच भीती बसली, ती अजून गेली नाही.

आता आपल्या घरावर स्लॅब आहे. माझ्या लेकानं, म्हणजे तुझ्या नातवानं, खाली सिमेंटची टाकी बांधली. स्लॅबवरून पाइप आणला आणि त्याला खाली एक टोपण केलं. टोपण काढलं की घाण पाणी अंगणात जातं, धार निवळली की लावायचं, मग पाणी टाकीत पडतं. नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे पिणं-स्वयंपाक सगळा त्या टाकीवर. श्रावणात वीस दिवस उघाड पडली. खालची ओल करडांच्या खुरांना सोसत नाही म्हणून मी ती स्लॅबवर बांधतो, आणि सून रोज वर जाऊन झाडते. त्या दिवशी ती न झाडताच सकाळी खुरपायला गेली होती. ढग फुटले, आणि मला वाटलं, एवढा पाऊस अंगणात वाहून चाललाय, परत येईल न येईल! मी धावत जाऊन टोपण लावलं.

अर्धी टाकी स्वच्छ पाण्याची होती, माय. झाकण उघडून पाहिलं तर वर लेंड्या तरंगत होत्या.

लेक वसमतला हळदीच्या बाजारात हमाली करतो, संध्याकाळी आला. पाणी पाहून बायकोवर ओरडला, "काहून गं, टोपण लावून गेलीस? डोकं ठिकाणावर हाय का न्हाई?" ती म्हणाली, "इसरले." मी खाटेवर बसून होतो. तिथूनच सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती शिडीनं टाकीत उतरली, खराट्यानं तळ घासला. मी वरून बादल्या ओढल्या. सगळं पाणी परसातल्या वांग्यांना गेलं आणि शेजारून हंडे मागून आणायची वेळ आली. हंडेही तीच आणत होती.

दोन दिवस मी ताटावरून तसाच उठलो. काल ती भाकरी थापत होती, तेव्हा चुलीपाशी जाऊन बसलो. म्हटलं, "पोरी, ते टोपण मी लावलं व्हतं."

तिनं हात थांबवला नाही. "ठाऊक हाय मला, मामा. मी आले तवा तुमचं धोतर गुडघ्यापत्तुर भिजलेलं व्हतं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"ते तुमाला बोलले असते, अन् तुमी जेवण सोडलं असतं. माझं काय, मी बोलणी खाऊनबी दोन भाकरी खाते." मग हसून म्हणाली, "तरी तुमी सोडलंच की! घ्या, ताट घ्या पुढं."

मी जेवलो. चांगला पोटभर जेवलो.

हे तुला पाठवायचं म्हटलं तरी पाठवू कुठं? घडी करून उशीखाली ठेवतो. पण एक खरं सांगतो. तिनं ओळखलंय हे कळल्यावर मला आधी लाज वाटली नाही, हायसं वाटलं, की आता लेकाला सांगायची गरज उरली नाही. तो आताच बाजारातून आलाय, अंगणात पाय धुतोय. त्याला सांगायला मी अजून खाटेवरून उठलो नाही.