मस्कत, अडीच तास

अहो विल्सनचे पप्पा,

विल्सनने मस्कतचं तिकीट पाठवलंय. नाताळ इकडेच कर म्हणतो. जाऊ की नको? असलं काही मी आजवर एकटीने ठरवलंय का? विचारायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले.

आपण दोघं मस्कतला निघालो तेव्हा केवढी घाई तुम्हाला! वाडीतल्या केळींना पाणी घाला म्हणून शेजाऱ्यांना दहादा बजावलंत. विमानात खिडकीची जागा तुम्हीच पटकावलीत. समोरच्या पडद्यावर अंतर दिसत होतं, पंधराशे किलोमीटरच्या वर. जेवून हात पुसतोय, तोच विमान उतरायला लागलं. "एवढंच?" तुम्ही म्हणालात. "अगं, वसईहून विमानतळावर यायला याहून जास्त वेळ लागला! मस्कत म्हणजे शेजारचं गाव निघालं की!"

मग शेजारच्या गावाहून असं परत यायचं असतं का हो?

विल्सनच्या घरी त्या सकाळी तुम्ही चहा मागितलात. मी कप घेऊन आले, तोवर सगळं संपलं होतं. तुम्ही मला एक हाक तरी मारायची होती!

येताना आपण एकाच विमानात होतो. मी वर, तुम्ही खाली, सामानात. हा शब्द लिहितानाही हात अडतो. विल्सनला मागची जागा मिळाली होती. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "एकट्याच निघालात?"

"नाही, मिस्टर आहेत सोबत."

त्या मागेपुढे बघायला लागल्या. मी तोंड फिरवलं. अडीच तासच ते, पण संपता संपेनात.

आता संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला मी एकटीच. अर्धी 'नमो मरिया' म्हणते आणि पुढची तुम्ही म्हणाल म्हणून थांबते. मग पुढचीही मीच म्हणते. लोक म्हणतात, मुलगा कुठे लांब आहे, अडीच तासांवर तर आहे! खरंय. पण भात उरला तर हाक मारून बोलावता येतं का त्याला?

तिकीट रद्द कर, असंच सांगणार होते. पुन्हा त्या विमानात बसायचं? नकोच! पण रविवारी एंजलचा फोन आला. तुम्हाला नेलं तेव्हा आपली नात शाळेत होती. पोर घाबरेल म्हणून तिला सांगितलंय, आजोबा विमानाने वसईला गेले.

"आजी, आजोबांना दे ना फोन."

"झोपलेत गं."

"नेहमीच कसे झोपतात? माझ्यावर रागावलेत का?"

तुम्ही, आणि एंजलवर रागावणार!

विल्सनला हे सांगणं जमायचं नाही. तुमचं नाव निघालं की तो अजून विषय बदलतो. तेव्हा मीच जाते. तिला मांडीवर घेईन आणि खरं काय ते सांगेन. रडली तर रडू देईन. आणि सांगेन, की त्या सकाळी तिची शाळेची बस वळणाआड गेली, तरी आजोबा बाल्कनीत उभे राहून हात हलवतच होते.

तुमचीच,
फिलोमिना