सांगोल्याच्या जोतीरामचा दाखला

मी, सिद्धाराम गुरुबसप्पा नरोणे, वय अडुसष्ट, माजी आमदार, धंदा शेती, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र दिनांक १७ फेब्रुवारी १९७४ रोजी शेजारच्या रावजी मास्तरांना सांगून लिहवीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणाचे दडपण नाही. इंग्रजांना जे जमले नाही ते घरच्यांना काय जमणार.

कलम १. राहते घर पत्नी शरणम्मा हिचे, तिच्या हयातीपर्यंत. तिच्यामागे मुलगा शिवपुत्र व मुलगी दाक्षायणी यांना निम्मे निम्मे. लग्न झालेल्या मुलीला कशाला, असे शिवपुत्र म्हणेल. मी दीड वर्ष तुरुंगात होतो तेव्हा हे घर शरणम्माने कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून राखले. या घरात बाईचा हिस्सा कुठला, असे विचारण्याआधी त्याने आईकडे बघावे.

कलम २. अक्कलकोटकडची सात एकर जमीन शिवपुत्रला. त्याने निवडणुकीला खुशाल उभे राहावे, मात्र पत्रकावर माझा फोटो छापू नये. मी एकदा निवडून आलो आणि दोनदा पडलो, तेव्हा त्या फोटोचा उपयोग बेताचाच.

कलम ३. सार्वजनिक कामाची कागदपत्रे व टेबल-खुर्ची दाक्षायणीला. गेल्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांची हजेरी तिने मुकादमाशी भांडून खरी लिहायला लावली. आम्ही स्वराज्य कशासाठी मागितले हे मला कोणत्याच सभेत नीट सांगता आले नाही; तिचे भांडण बघून मलाच कळले. मला तिचा लई अभिमान वाटतो. हा शब्द मास्तरांनी सुधारू नये.

कलम ४. आमच्या रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे. भाषणे नकोत. कोणाला राहवलेच नाही तर त्याने कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलावे, आणि लवकर आटपावे.

कलम ५. हे कलम मी चार महिने टाळत आलो. बेचाळीस साली माझ्यावर वॉरंट निघाले तेव्हा सांगोल्याच्या जोतीराम गावडे या मेंढपाळाने मला रानातल्या मेंढवाड्यात एकवीस दिवस लपवले. आमची पत्रके घोंगडीच्या दुमडीत शिवून तो मेंढरे हाकत पोलिसांच्या नाकासमोरून पुढच्या गावी नेई. मी नंतर सोलापुरात पकडला गेलो. तो कधीच सापडला नाही. तीच आता त्याची अडचण झाली आहे. तुरुंगाच्या दप्तरात नाव नाही, म्हणून स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायला त्याला सोबत काम केलेल्या तुरुंगवाशाचा दाखला लागतो. असा जिवंत माणूस मी एकटाच.

सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मी पक्षाच्या हुकमापुढे गप्प बसलो. जोतीराम गप्प बसला नाही. त्याने गावोगाव माझ्याविरुद्ध प्रचार केला आणि मी पडलो. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या दिवाळीत त्याची मुलगी सारजाबाई अर्ज घेऊन आली. मी तिला चहा पाजला, "बघू" म्हणालो आणि अर्ज खणात टाकला. त्याच महिन्यात मी तीन जणांना दाखले दिले. बेचाळीस साली त्यांचे मी तोंडही पाहिले नव्हते, पण ते हार घेऊन आले होते. याची मला लाज वाटते. ते तिन्ही दाखले रद्द करावेत असे पत्र मी आजच टपालात टाकले आहे. अर्जाची मुदत या महिनाअखेर संपते. जोतीरामचा दाखला सोबत जोडला आहे. <s>माझ्या मृत्यूनंतर तो दाक्षायणीने सांगोल्याला पोहोचवावा.</s>

येथे मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. "अण्णा," म्हणाले, "मुदत महिनाअखेरची. तोवर मरायचं ठरवलंय काय?" मला राग आला. मी म्हणालो, लिहायचे काम करा. आतून शरणम्मा म्हणाली, "मास्तर बरोबर बोलतात. त्याच्यासमोर जायला भीती वाटते म्हणून मरणाआड लपताय तुम्ही. सकाळी एसटी आहे."

कलम ५ मधील शेवटचे वाक्य मी स्वतः खोडले आहे व बाजूला सही केली आहे.

यापुढील मजकूर, मास्तरांना सोबत आणून, दिनांक १८ रोजी सांगोला येथे लिहिला. दाखला मी जोतीरामच्या हातात दिला. त्याने कागद लांब धरून दोनदा वाचला. मी चुकलो, असे मी म्हणालो. "व्हय, चुकलासच की," तो म्हणाला. "पर आता पुना हुबा ऱ्हायलास तरी माजं मत न्हाय तुला." सारजाबाईने ताटे वाढली. आम्ही जेवलो. उद्या मी आणि तो मिळून कचेरीत अर्ज देणार आहोत.

हे सर्व दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून घेऊन मी सही करीत आहे.

स्थळ: सांगोला. दिनांक: १८ फेब्रुवारी १९७४.

सही: सिद्धाराम गुरुबसप्पा नरोणे

साक्षीदार:

१. रावजी ज्ञानबा लोंढे, निवृत्त शिक्षक, सोलापूर.

२. जोतीराम ज्ञानू गावडे, सांगोला. ह्या मानसाला मी बेचाळीस सालापासनं वळखतो. मदी सतरा वर्सं बोललो न्हाय, तरी वळखत हुतो.