आप्पांची हजेरीवही

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. पोट सुटल्यापासून आठांपैकी पाचच अंगं टेकतात, गोड मानून घे.

वनजमिनीच्या दाव्यासाठी पारधी वस्तीला जुन्या रहिवासाचा पुरावा हवाय. गजराबाई काळे म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे आप्पा पोलीस पाटील होते तवा रोज सांजच्याला आमची हजेरी घ्यायचे. तवा दिसत होतो, आता सायबाला दिसंना! ती वही बघा की."

वही माळ्यावर सापडली. पंधरा वर्षांचा पुरावा, आप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात. पण देवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला, त्या संध्याकाळी गजराबाईंच्या नवऱ्यापुढे 'हजर' लिहिलंय. कोर्टात आप्पांनी 'गैरहजर' सांगितलं आणि तो चार वर्षं आत गेला. पान फाडावं, तर पानांना क्रमांक आहेत. आप्पा फार शिस्तीचे.

उद्या दाव्याची सुनावणी. नववीकडून सत्याची सुभाषितं घोकून घेणारा मी गजराबाईंना म्हणालो, "शोधतोय."

"गुरुजी, त्यात काय हाय ते आमाला ठावं हाय. तुमी फकस्त वही आणा."

तुला विचारलं तर तू 'जाळ' म्हणशील, आणि मी जाळीन. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझा (दुर्दैवाने) आज्ञाधारक,
केदार