सातावर संपणारा आकडा

५ मार्च, सकाळी
आजपासून काम सुरू. माझा आकडा कोट्यवधी अंकांचा आहे. तो मूळ संख्या ठरला की जगात नाव. पद्धत सोपी. चारपासून सुरुवात, वर्ग करायचा, दोन वजा, माझ्या आकड्याने भागून बाकी घ्यायची. त्या बाकीला परत तेच. असं कोट्यवधी वेळा. अगदी शेवटची बाकी शून्य आली की जिंकलो. करतो सगळं कॉम्प्युटर, मी लक्ष ठेवतो.
संकल्प : बायकोच्या तब्येतीकडेही लक्ष ठेवायचं.

६ मार्च
कॉम्प्युटर फार तापतो. खिडकीजवळ हलवला. तिथे हिची कॉट होती, ती आतल्या भिंतीला सरकवली. हिला दम लागतो, वारा आला की बरं वाटतं म्हणे. पण ऑक्सिजनचं मशीन आहे की! त्याच्या घरघरीने माझं मात्र डोकं उठतं.

११ मार्च
मेहुणा आला होता. इन्व्हर्टर त्यानेच बहिणीच्या मशीनसाठी बसवून दिलाय. कॉम्प्युटरही त्यावरच पाहून त्याचं तोंड उतरलं. समजावलं, लाइट गेली तर इतक्या दिवसांचं गणित पाण्यात. दोन्ही चालवल्यावर बॅटरी किती वेळ पुरेल, असं विचारत बसला. गणिताचं अंग नाही त्याला. उद्या वेगळी बॅटरी आणतो म्हटलं.

१९ मार्च
बॅटरी राहिलीच. माझा आकडा मूळ निघायची शक्यता लाखात एखादी, असं जाणकार म्हणतात. ती सरसकट लोकांची. माझा सातावर संपतो. हिला सांगितलं, सापडला की तुझं नाव देऊ त्याला.
ही म्हणाली, "नाव नको. खिडकी द्या."
निम्मं झालंय, उरलेलं संपू दे. मग देणारच आहे.

२८ मार्च
लाइट गेली तेव्हा मी बाहेर होतो. बॅटरी आणायलाच निघालो होतो. वाटेत पेपरच्या ऑफिसात डोकावलो, फोटो केवढा लागतो ते विचारायला. तिथे वेळ गेला.
आलो तर शेजारीण दारात. इन्व्हर्टर बंद पडलेला. ही खिडकीखाली, जमिनीवर. कॉटपासून तिथवर कशी गेली असेल?
कॉम्प्युटरचा प्लग जागेवरच होता. हाताला लागेल असा. तो काढला असता तर बॅटरी पुरली असती. काढायचा होता. मी काही बोललो नसतो.
बोललो असतो.

२ एप्रिल
मेहुण्याने हिचं सगळं उरकलं. जाताना कॉट परत खिडकीजवळ लावून गेला.
संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. सोडलं होतं तिथूनच गणित आपणहून सुरू झालं. प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने सगळं जपून ठेवतो म्हणे. लाइट गेली तरी काही बिघडत नाही. सूचनांमध्ये पहिल्याच पानावर आहे. सूचना मी कधी वाचत नाही.

९ एप्रिल
संपलं. बाकी शून्य आली नाही. आकडा मूळ नाही. मग त्याला कशाने भाग जातो, ते ही पद्धत सांगत नाही. नाही म्हणते आणि थांबते.
खिडकी उघडी आहे. कॉटवर बसवत नाही.
पुढचा आकडा घ्यायचा का, असं कॉम्प्युटर विचारतोय. हो म्हटलं. घरात कसली तरी घरघर हवी.