काडीपेटीतला दात

९ डिसेंबर, मंगळवार. पाटोदा

चूक माझी, आणि दोन दिवस मी नावं ठेवली उसाच्या फडावरच्या रेंजला.

शेजारची पोरं आमचं वायफाय वापरतात म्हणून रविवारी पासवर्ड बदलला, सेटिंगमध्ये सगळ्यात कडक सिक्युरिटी निवडली. माझा फोन लगेच जोडला गेला. जुन्या फोनचं ध्यानातच आलं नाही. ताईची वैष्णवी त्यावरच आईशी बोलते. ताई आणि दाजी ऊसतोडीला गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. रविवारीच तिचा दात पडला. आईला दाखवल्याशिवाय पत्र्यावर फेकायचा नाही म्हणून काडीपेटीत ठेवलाय.

दोन दिवस ताईचा फोन आला नाही. मी तरी माझ्या फोनवरून का लावला नाही? तिनं लावायचा आणि आपण वाट बघायची, ही सवय.

आज वैष्णवी काडीपेटी वाजवत म्हणाली, "मावशी, आई कावून फोन करत न्हाई?"

तेव्हा कुठे जुना फोन उघडला. नवा पासवर्ड चार वेळा टाकला, जोडेना. या जुनाट फोनला नवी सिक्युरिटी पेलत नसेल? राऊटरवर जुनी-नवी दोन्ही चालतील असं केलं. लागला.

थोड्या वेळात ताईचा व्हिडिओ कॉल. "दोन दिस झाले लावतेय. मला वाटलं, पोरगी रुसली."

वैष्णवीनं काडीपेटी कॅमेऱ्याला चिकटवली. ताईला नुसता अंधार दिसला, तरी म्हणाली, "लई छान हाय गं."

फोन ठेवल्यावर वैष्णवीनं अंगणात जाऊन दात फेकला. पत्रा टणकन वाजला.

"आईला ऐकू गेलं आसंल का?"

"उद्या तूच विचार," मी म्हटलं.