विहिरीवर उभी केलेली मॉरिस

चिन होक दादा,

सकाळी तुझ्या मॉरिस गाडीच्या सहाही काचांवर आतून वाफ धरली होती आणि चारही दारं बंद होती. रात्री तू वर माझ्या खोलीत झोपला होतास, म्हणजे वाफ तुझ्या श्वासाची नव्हे.

गाडीला सपाट जागा हवी म्हणून तू घराच्या पुढच्या दालनातली जुनी विहीर काँक्रीटने झाकलीस, पण तिला श्वासाची नळी ठेवली नाहीस. आई फोनवर ओरडलीच होती, "अरे मेल्या, कोंडलंस तिला! आता ती कुणाच्या वाटणीचा श्वास घेईल?" तू म्हणालास, "विहिरीला नाक असतं का गं?" मीही हसले. पण तेव्हापासून गाडीत झोपलास की तू धापा टाकत उठतोस.

शेजारच्या रामन अण्णांच्या मदतीने गाडी ढकलून रस्त्यावर लावली आहे. वरच्या तुझ्या खोलीचं गळकं छप्पर दुरुस्त होईपर्यंत माझ्याच खोलीत झोप, गाडीत झोपायचं नाही. चिडलास तरी चालेल, किल्ली माझ्याकडे आहे. आईला घ्यायला फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर बटरवर्थला जाते आहे.

काँक्रीटला भोक पाडून मी नळी बसवली. हवा येते का ते बघायला दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून तिच्या तोंडावर पातळ कागद धरला. एका मिनिटात कागद चौदा वेळा आत ओढला गेला आणि चौदा वेळा बाहेर फुगला.